स्प्लेंडरला पल्सरचा पुढचा सेट, घरी ठोकलेली टाकी, आणि चॅसीस कापायचा का

आधी प्रश्न काय होता ते थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नाशिकच्या सिडकोतला एक मुलगा, आयटीआय फिटर झालाय, अंबडला अप्रेंटिस आहे. वडिलांची ९८ सालची स्प्लेंडर घरी पडून आहे, तिला पल्सर १५० चे पुढचे शॉकअप डिस्कसकट लावायचे, मागे जाड टायर, टाकी स्वतः बनवायची, सीट एकट्याची, आणि जमलं तर इंजिनही पल्सरचंच बसवायचं. बजेट ४० हजार. विचारतोय की काका सुरुवात कुठून करू, घरी काय करू, बाहेर काय देऊ आणि चॅसीस कापू का.

चॅसीस कापू नकोस. हे आधी सांगून टाकतो, कारण बाकी सगळं दुरुस्त करता येतं, कापलेला चॅसीस नाही. मी सातपूरला टूलरूममध्ये २६ वर्षं काढली आणि घरामागच्या शेडमध्ये आजपर्यंत ११ गाड्या उभ्या केल्या, त्यातल्या पहिल्या दोन मी कापल्या होत्या आणि त्या दोन्ही कधीच सरळ चालल्या नाहीत. ताशी ६० च्या वर गेलं की हँडल सोडायची हिंमत व्हायची नाही.

घरी काय बनवायचं आणि काय तयार घ्यायचं यासाठी मी एकच प्रश्न विचारतो. हा पार्ट चालत्या गाडीत तुटला तर काय होईल? गाडी थांबेल एवढंच, का माणूस पडेल? टाकी, सीट, मडगार्ड, नंबर प्लेटची पट्टी, साइड पॅनल, सायलेन्सरचा क्लॅम्प, हे सगळं खुशाल हाताने कर, वाईटात वाईट म्हणजे रस्त्यात थांबशील (टाकीत पेट्रोल असतं म्हणून तिच्याबद्दल खाली वेगळं लिहितो). पण टी (दोन्ही शॉकअप धरून ठेवणारा आडवा तुकडा), टीचा दांडा (चॅसीसच्या नळीत फिरतो तो), एक्सल, मागचा चिमटा (मागचं चाक धरतो तो), कॅलिपरचा (डिस्कला पॅडने पकडतो त्याचा) ब्रॅकेट, हे कंपनीने बनवलेलं आणि शक्यतो एकाच गाडीवरून एकत्र उतरवलेलं घे (दांड्याला एकच अपवाद आहे, तो खाली येईल). तू फिटर आहेस, तुझा हात माझ्यापेक्षा चांगला असेल, तरी हेच सांगेन, कारण प्रश्न हाताचा नाही, मटेरियल कुठलं आहे आणि त्याला किती वेळा ताण बसणार आहे याचा आहे.

हे मी कुठून शिकलो ते सांगतो. २००९ मध्ये एका जुन्या यझदीला मी पुढे डिस्क लावली होती. शॉकअप यझदीचेच ठेवले आणि कॅलिपर बसवायला ब्रॅकेट स्वतः केला, भंगारातून ८ मिमीची अ‍ॅल्युमिनियमची प्लेट मिळाली होती ती हॅकसॉने कापली, कानशीने घासली, दिसायला एकदम कंपनीसारखा झाला. कसारा घाट उतरून परत वर आलो, ब्रेक मस्त लागले, काही जाणवलं नाही. पुढच्या रविवारी गाडी धुताना ब्रॅकेटच्या आतल्या कोपऱ्यात केसासारखी काळी रेघ दिसली. मला वाटलं ओरखडा असेल, नखाने खरवडलं तर नख अडकलं. दुसऱ्या दिवशी कंपनीत नेऊन डाय पेनिट्रंट (चीर शोधायचा लाल रंग) मारलं, लाल रंग पुसला, पांढरा डेव्हलपर फवारला, आणि मिनिटभरात त्या पांढऱ्यातून लाल रेघ हळूहळू वर आली, १४ मिमी लांब. ब्रॅकेट तिथे ४५ मिमी रुंद होता. म्हणजे एक तृतीयांश आधीच तुटलेला होता आणि मी त्यावर घाट उतरून आलो होतो.

चूक दोन ठिकाणी होती. प्लेट कुठल्या ग्रेडची हे मला माहीत नव्हतं, आणि आतला कोपरा मी काटकोनात सोडला होता, तिथे ५ ते ६ मिमीची गोलाई हवी होती, सगळा ताण त्या टोकदार कोपऱ्यावर येऊन बसला. ताण किती येतो याचा हिशोब तूच करून बघ. गाडी आणि माणूस मिळून १८० किलो धर, जोरात ब्रेक मारला तर टायरवर साधारण १४० किलोचा जोर येतो आणि तो जवळजवळ सगळा पुढच्याच चाकावर. चाकाची त्रिज्या २९० मिमीच्या आसपास, आणि २४० च्या डिस्कवर पॅड धरतात ती जागा मध्यापासून १०५ मिमीवर. म्हणजे कॅलिपरवर येणारी ओढ पावणेतीन पट, चारशे किलोच्या जवळ. एवढा भार प्रत्येक ब्रेकला. पल्सरच्या शॉकअपच्या बॉटमला कॅलिपरची जागा ओतीवच येते, म्हणून म्हणतो सेट अख्खा घे, शॉकअप, दोन्ही टी, चाक, डिस्क, कॅलिपर, एक्सल आणि हँडलवरचा मास्टर सिलेंडरसुद्धा (लिव्हर दाबला की ऑइल ढकलतो तो) त्याच गाडीचा. मास्टर सिलेंडर आणि कॅलिपरच्या पिस्टनचं प्रमाण जुळलेलं असतं, एक इकडचा एक तिकडचा केला की लिव्हर एकतर दगडासारखा लागतो किंवा हँडलपर्यंत येतो. होज (ब्रेकची नळी) नवीन घे, ब्रेक ऑइल नवीन डॉट ४ घे, उघडा पडलेला डबा वापरू नकोस, ते हवेतलं पाणी ओढतं. आणि रंगावर सांडू देऊ नकोस, रंग सोलून निघतो.

आता इंजिनाचं. ते डोक्यातून काढ. स्प्लेंडरचं ९७ सीसीचं इंजिन जवळजवळ आडवं झोपलेलं असतं, सिलेंडर पुढच्या चाकाकडे तोंड करून. पल्सरचा सिलेंडर उभा. म्हणजे माउंटिंग जुळत नाहीच, वर टाकीखाली जागाही पुरत नाही, ते बसवायला चॅसीस कापावाच लागेल आणि मग तो विषय परत सुरू. शिवाय ताकद जवळपास दुप्पट होते पण चॅसीस, चिमटा, मागचा ड्रम सगळे स्प्लेंडरच्या हिशोबाचे. त्यापेक्षा आहे ते इंजिन उघड, बोअर मोजून घे, गरज असेल तर ०.२५ ओव्हरसाइज पिस्टन टाक, टायमिंग चेन आणि क्लच प्लेट बदल. एअर फिल्टरचा डबा काढून उघडा फिल्टर लावायचा मोह होईल, सगळ्यांना होतो, पण मग मिक्श्चर लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), कार्बोरेटरचे जेट बदलत बसावं लागतं आणि तोपर्यंत इंजिन तापत राहतं. डबा सीटखाली लपवता येतो.

कागदाचं आत्ताच बघ, शेवटी नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर कंपनीने दिलेली जी माहिती आहे तिच्यात फरक पडेल असा बदल करायचा नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. चॅसीस कापणं थेट यात येतं, परवानगी न घेता दुसरं इंजिन टाकणंही. रंग आरसीवर असतो, तो बदलणार असशील तर तीही नोंद करून घ्यावी लागते. आणि तुझी गाडी ९८ ची, म्हणजे १५ वर्षं २०१३ लाच संपली, त्यानंतर दर ५ वर्षांनी पासिंग. ते झालंय का हे वडिलांना आज विचार. झालं नसेल तर आधी आहे त्या अवस्थेत गाडी पेठ रोडला आरटीओत नेऊन रिन्यू करून घे, हरित कर भर, मग पाना हातात घे. पल्सरचा पुढचा सेट लावायच्या आधीही तिथे जाऊन विचार, आणि इन्शुरन्सवाल्याला लेखी कळव, नाहीतर क्लेमच्या वेळी तेच कारण पुढे येतं. उतरवलेला प्रत्येक ओरिजिनल पार्ट गोणीत भरून, चिठ्ठी लावून ठेव. चॅसीस नंबरच्या आसपास ग्राइंडर, वेल्डिंग, पुट्टी काहीही नाही, पेंटरला पण बजावून सांग. जुना पार्ट घेताना बिल घे, बिल देत नाही त्याच्याकडून घेऊ नकोस, गाडी चोरीची निघाली तर पार्टसकट तू अडकतोस. पूर्वी अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात अर्धा दिवस फिरलं की सगळं मिळायचं, २०१७ ला तो पालिकेने हटवला, आता दुकानं विखुरली आहेत, फिरावं लागतं.

आता मुख्य काम, पुढचा सेट बसवणं. इथे जरा वेळ काढून वाच.

पल्सरची टी स्प्लेंडरच्या नळीत सरळ बसणार नाही, कोन सेटचं (दांडा ज्यावर फिरतो त्या वरखालच्या बेअरिंगचं) माप आणि दांड्याची लांबी वेगळी येते. गॅरेजवाले यावर दोन उपाय करतात, एक म्हणजे दांडा कापून मध्ये तुकडा घालून वेल्डिंग, दुसरा म्हणजे कोनच्या वाट्या पत्र्याची पट्टी घालून घट्ट करणं. दोन्ही नको, हात जोडून सांगतो नको. नीट पद्धत अशी की दोन्ही टीचे दांडे हायड्रॉलिक प्रेसवर काढायचे, स्प्लेंडरचा दांडा पल्सरच्या खालच्या टीत बसतो का बघायचं, माप कमीजास्त असेल तर लेथवर ईएन १९ चा (मजबूत अ‍ॅलॉय स्टीलचा) नवीन दांडा करून घ्यायचा, खाली खांदा ठेवून, आणि टीत बसताना ०.०३ ते ०.०४ मिमी घट्ट ठेवून प्रेसने दाबायचा. हे काम घरचं नाही, अंबडला किंवा सातपूरला जॉबवर्क करणाऱ्या चांगल्या टर्नरला दे, ड्रॉइंग काढून दे, तोंडी सांगू नकोस. तू अप्रेंटिस आहेस, तुझ्या शॉपमधल्या सिनियरला विचारलंस तर तो आनंदाने मदत करेल, माझा तरी अनुभव असा आहे की नाशिकच्या टर्नर लोकांना असं वेगळं काम दाखवलं की ते जेवायच्या सुट्टीत पण त्याच्यावर बोलत बसतात.

बसवण्याआधी मोजायचं काय? पुढची उंची. गाडी मेन स्टँडवर, जमीन लेव्हलला, दोन्ही शॉकअपची लांबी टीच्या खालच्या कडेपासून एक्सलच्या मध्यापर्यंत मोज, जुन्याची आणि नव्याची. चाक १८ चं जाऊन १७ चं येत असेल तर त्याचा अर्धा इंच वजा धर, टायरच्या उंचीचा फरक मिळव. पुढचा भाग २५ मिमी वर गेला की सव्वाबाराशे मिमीच्या व्हीलबेसवर (दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर) टीचा कोन साधारण १ अंश मागे झुकतो. १ अंश ऐकायला काहीच नाही, पण चालवताना हँडल आळशी वाटायला लागतं. उलटं पुढचा भाग खाली गेला तर वळायला हलकं आणि वेगात थरथरणारं.

खरं बघायचं असतं ते ट्रेल. टीच्या दांड्याची रेघ तशीच खाली जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर टेकतो त्या बिंदूच्या पुढे पडते, त्या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल, आणि तेच चाकाला सरळ ओढून ठेवतं. रोजच्या गाड्यांना ८० ते १०० मिमीच्या आसपास असतं. घरी मोजायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. एक्सलच्या मध्यावरून ओळंबा सोड, जमिनीवर खडूची खूण कर, मग एक सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी बाजूने टीच्या दांड्याच्याच रेषेत धरून जमिनीपर्यंत ने, दुसरी खूण कर. आधी ओरिजिनल अवस्थेत मोजून भिंतीवर लिहून ठेव, नंतर नव्या सेटवर मोज. ५-७ मिमीचा फरक चालतो, २० चा आला तर शॉकअप टीमध्ये वरखाली सरकवून जुळव. मी हे माप घेतल्याशिवाय आता कुठलीही गाडी पुढे नेत नाही.

मग हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. पल्सरच्या टीचा लॉकचा ठोकळा स्प्लेंडरच्या चॅसीसवर बरोबर टेकेल असं नाही, आणि टेकला नाही तर हँडल टाकीवर आपटतं आणि अंगठा मध्ये सापडतो. टाकी आणि हँडलमध्ये निदान २५ मिमी जागा दोन्ही बाजूंना पाहिजे. इंजिन चालू ठेवून हँडल फिरव, रेस वाढली तर अ‍ॅक्सिलेटरची केबल ओढली जातेय, मार्ग बदल.

मागच्या जाड टायरबद्दल फार लिहीत नाही, तो दिखाव्याचा भाग आहे. रिमपेक्षा फार रुंद टायर घातला की तो फुग्यासारखा गोल होतो, चेनला घासतो, आणि सरळ रस्त्यावरही गाडी जड वाटते. एक साइज वर जा, बस. चाकं एका रेषेत आहेत का ते बघायला दोरी लाव, मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी दोरी ताणून पुढे ने, पुढचा टायर बारीक असल्यामुळे दोन्हीकडे फट राहील, ती डावीउजवी सारखी आली पाहिजे. चेन स्प्रॉकेट पण त्याच दोरीने बघ.

टाकी. हा माझा सगळ्यात आवडीचा भाग आहे.

मी टाकी ठोकायला शिकलो ते गॅरेजमध्ये नाही, जुन्या नाशकात भांडी बाजाराजवळ एक तांबटकाका होते त्यांच्याकडे. पहिल्यांदा गेलो तेव्हा पत्रा घेऊन मधोमध हातोडा मारायला लागलो, त्यांनी हात धरला. म्हणाले कडेपासून सुरू कर, गोल गोल फिरत आत ये, आणि कान उघडे ठेव. पत्रा ठोकताना आधी आवाज बसका येतो, मग ठोकून ठोकून तो कडक होत जातो तसा आवाज टणक, घंटेसारखा होतो, तो टणक झाला की थांबायचं, नाहीतर पुढच्या घावाला कडेला चीर जाते. मग गॅसने मंद लाल करून सावकाश थंड होऊ द्यायचा आणि परत सुरू. वाळूची चामड्याची पिशवी, लाकडी मोगरी, आणि शेवटी लोखंडी खुंट्यावर ठेवून चकचकीत तोंडाच्या हातोडीने मठारायचं, घावाला घाव लागून, अंगठ्याने चाचपत. डोळ्याला दिसत नाही ते अंगठ्याला कळतं. तांब्याच्या घंगाळाला जे करतात तेच टाकीला करायचं, फक्त लोखंड जास्त हट्टी असतं. चार-पाच रविवार तुझे फक्त सरावात जातील, ते जाऊ दे.

पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड) घे, १ मिमी किंवा २० गेज, आणि दुकानात डीडी किंवा ईडीडी (खोल ओढायचा) ग्रेड आहे का विचार, साधा पत्रा खोल ओढला जात नाही. आधी पुठ्ठ्याचा नमुना करून गाडीवर ठेवून आठवडाभर येताजाता बघत राहा. शिवण गॅस वेल्डिंगची कर किंवा टिगची, दोन्हीत शिवण नंतर ठोकून बसवता येते, मिगची शिवण कडक होते आणि हातोडीखाली तडकते. खालचा बोगदा चॅसीसच्या नळीपासून सगळीकडून बोटभर सुटा ठेव. टाकी बोल्टने चॅसीसला आवळायची नाही, रबरावर तरंगती ठेवायची, आवळलेली टाकी व्हायब्रेशनने शिवणीत फुटते आणि खाली गरम इंजिन असतं. झाकणाला हवेचं भोक विसरू नको, नाहीतर पाच-दहा किलोमीटरवर गाडी बंद पडेल आणि तू कार्बोरेटर उघडत बसशील.

लीक टेस्टला साबणाचं पाणी आणि सायकलचा पंप. पण दाब १ पीएसआयच्या वर नेऊ नकोस. ३ पीएसआय किरकोळ वाटतो, पण टाकीची बाजू ४० बाय ३० सेंमी धरली तर त्या पत्र्यावर अडीचशे किलोचा जोर होतो, आठ रविवारांची मेहनत बेडकासारखी फुगते. त्यानंतर पाणी भरून रात्रभर कोरड्या कागदावर ठेव, सकाळी कागद बघ.

आणि एक अगदी स्पष्ट सांगतो. कधीही पेट्रोल भरलं गेलेली जुनी टाकी कापायला किंवा वेल्डिंगला घेऊ नकोस. रिकामी, वास नसलेली, वर्षभर पडून असलेली टाकीसुद्धा शिवणीत पेट्रोल धरून असते आणि ती वाफ बॉम्बसारखी फुटते. झाकण किंवा नळीची जागा हवी असेल तर नवीन कोरी घे.

सीटसाठी मागची नळी न कापता वरून बोल्टने बसणारी फ्रेम कर, शॉकअपच्या माउंटिंगला हात न लावता. त्या फ्रेमची वेल्डिंग गाडीवर करू नकोस, बाहेर काढून कर. गाडीवर करावीच लागली तर बॅटरी आणि सीडीआय (ठिणगीचा इलेक्ट्रॉनिक डबा) काढ आणि अर्थ अगदी जवळ लाव, करंट बेअरिंगमधून गेला तर बेअरिंग खराब होतं.

वायरिंग नवीन कर, जुनी जोडत बसू नकोस. फ्यूज बॅटरीच्या जवळ, प्रत्येक जोडाला स्लीव्ह, हँडलच्या वळणावर वायरला ढील. पैशाचं म्हणशील तर ४० हजारातले निदान १० हजार टायर, बेअरिंग, केबल, चेन सेट, ब्रेक पॅड आणि ८.८ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) नवीन बोल्ट यांना बाजूला काढ आणि त्यांना हात लावू नकोस. रंगावर पैसे उडवून जुने टायर ठेवलेल्या गाड्या मी बऱ्याच बघितल्यात.

गाडी उभी राहिली की पहिला दिवस गल्लीतच. प्रत्येक नटवर आणि शेजारच्या धातूवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढ, नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. मग सकाळी लवकर गंगापूर रोडने धरणापर्यंत, ४० च्या आत, परत आल्यावर सगळ्या रेघा बघ. ५० किलोमीटरला परत आवळ, टीचा नट खास करून, नवीन कोन बसतात आणि ढिले होतात. त्र्यंबक रोडला अंजनेरीपर्यंत त्यानंतर. कसारा घाट निदान ५०० किलोमीटर झाल्याशिवाय नाही, आणि वडिलांना मागे बसवून तर त्याच्याही नंतर.

सध्या एवढंच कर. गाडी मेन स्टँडवर घे आणि मला तीन मापं कळव: टीच्या खालच्या कडेपासून एक्सलपर्यंतची लांबी, ट्रेल, आणि कोनच्या वाट्यांचा आतला व्यास व्हर्निअरने, वरचा आणि खालचा वेगळा. ती मापं आली की पल्सरच्या कुठल्या वर्षाचा सेट शोधायचा ते आपण ठरवू, तोपर्यंत भंगारवाल्याला अ‍ॅडव्हान्स देऊ नकोस.